पानाच्या शिरा निळ्या कागदावर कशा उतरवाव्यात

कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या उन्हानं पानाचं चित्र कागदावर उतरतं. त्याला सायनोटाइप म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे असे ठसे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली.

१०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट; दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. ऐन वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळा, मंद पिवळ्या दिव्याखाली जलरंगाच्या जाड कागदावर पातळ थर द्या, अंधारात पूर्ण वाळवा. हातमोजे हवेतच. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नका, विषारी वायू निघू शकतो.

पान वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं घ्या. ताज्या पानाच्या ओलीनं डाग पडतात. नेचा उत्तम.

आता ऊन. मला सर्वांत जास्त छळलं ते याच टप्प्यानं. ‘दहा मिनिटं ठेवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो निरुपयोगी आहे. हे रसायन मुख्यतः अतिनील किरणांनी बदलतं. मे महिन्यातली नाशिकची दुपार आणि श्रावणातलं ढगाळ कोकण यांना सारखाच वेळ कसा लागेल? घड्याळ विसरा, रंग बघा. पानाबाहेरचा कागद पोपटीवरून हिरवट निळा होतो, मग गडद निळा. इथेच बहुतेक जण कागद उचलतात, कारण तो सुंदर दिसत असतो. उचलू नका! धुताना त्यातला बराच रंग वाहून जातो आणि हाती फिकट आकाशी ठसा उरतो. निळा मागे पडून कागद करडा, काशाची झाक असलेला दिसू लागला की मगच आत घ्या. बिघडलं असं वाटेल. तेच हवं आहे.

शिरांसाठी तर हा धीर लागतोच. पातळ पानातून थोडं ऊन आरपार जातं, जाड शिरा ते अडवतात. घाई केली तर नुसती पांढरी आकृती मिळते. पुरेसं ऊन दिलं की पातं निळसर होतं आणि त्यात शिरांचं पांढरं जाळं उमटतं. माझ्या मते सगळा खटाटोप याच जाळ्यासाठी करायचा असतो.

पान कागदाला घट्ट चिकटलेलं हवं, नाहीतर कड धूसर येते. वर साधी काच ठेवा, कडेला चिमटे लावा. ॲक्रिलिक नको, त्याचे बरेच प्रकार अतिनील किरण अडवतात. सकाळी कागद सूर्याकडे तोंड करून तिरका ठेवा. सपाट ठेवलात तर तिरपं ऊन पानाखाली शिरतं. आणि मध्येच पान उचलून डोकावू नका.

पिवळेपणा जाईपर्यंत पाण्यात धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. साबण, सोडा अजिबात नको. क्षारानं निळा रंग उडतो.

वाळल्यावर निळा दिवसभरात आणखी गडद होतो. भिंतीवरच्या उजेडानं पुढे फिकट पडला तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, बराचसा रंग परत येतो.