अवकलज काढताना अडल्यास मदत कशी मागावी

'मला अवकलज काढता येत नाहीत' एवढेच सांगितले, तर समोरचा माणूस बहुधा एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. ते पाहताना सारे समजल्यासारखे वाटते आणि पुढच्या उदाहरणाशी गाडी पुन्हा अडते. आपण नेमके कुठे अडलो, हे न सांगितल्यामुळे असे होते. त्यामुळे उत्तर चुकले असले तरी ते न खोडता, प्रत्येक पायरीशेजारी तिथे वापरलेल्या नियमाचे नाव लिहून तो कागद मदत करणाऱ्यापुढे ठेवावा.

नियम पाठ असूनही कोणता कुठे लावायचा हे न कळणे, ही सर्वांत नेहमीची अडचण आहे. त्यावर एक साधा उपाय आहे. क्षच्या जागी एखादी संख्या घालून फलनाची किंमत हाताने काढायला घ्यावी आणि सर्वांत शेवटी कोणती क्रिया करावी लागते ते पाहावे; त्या शेवटच्या क्रियेचा नियम अवकलनात सर्वांत आधी लागतो. (३क्ष + १) चा पाचवा घात हे फलन घेतले, तर आधी ३ ने गुणायचे, मग १ मिळवायचा आणि शेवटी पाचवा घात करायचा. म्हणजे आधी घाताचा नियम, आणि कंसात नुसता क्ष नसल्यामुळे त्याच्या जोडीला साखळी नियम. इथे अनेक जण ५ गुणिले (३क्ष + १) चा चौथा घात असे लिहून थांबतात. कंसाच्या आतल्या भागाचा अवकलज ३ आहे, त्याने गुणायचे राहून जाते. खरा सहगुणक १५ आहे.

आपले उत्तर चूक आहे की बरोबर, हे कोणाला न विचारताही तपासता येते. वरच्या फलनाची किंमत क्ष = ० असताना १ येते आणि क्ष = ०.००१ असताना सुमारे १.०१५०९. या दोहोंतील फरकाला ०.००१ ने भागल्यास सुमारे १५.०९ मिळतात, म्हणजे क्ष = ० पाशी अवकलज १५ च्या आसपास असला पाहिजे, ५ नव्हे. साइन, कोसाइन असलेल्या फलनांची अशी पडताळणी करताना कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे आधी पाहावे. तो अंशांवर राहिला, तर बरोबर उत्तरही चूक ठरते.

दोन फलनांच्या गुणाकारात दोघांचे अवकलज काढून ते एकमेकांशी गुणणे ही चूक इतकी स्वाभाविक आहे की, १६७५ साली कलनाच्या जनकांपैकी एक असलेल्या खुद्द लायब्निझनेही हे चालेल का, असा प्रश्न आपल्या टिपणांत मांडला होता आणि मग ते नाकारले होते. क्ष गुणिले क्ष घेऊन पाहिले की शंका फिटते: त्या रीतीने उत्तर १ येते, पण क्षच्या वर्गाचा अवकलज २क्ष आहे.

बरेचदा अडचण कलनात नसून बीजगणितात असते. क्षचा घन अधिक क्ष, या सगळ्याला क्षने भागलेले फलन दिसताच भागाकाराचा नियम लावणे मला तरी अनावश्यक वाटते. क्ष शून्य नसताना ते क्षचा वर्ग अधिक १ एवढेच उरते आणि अवकलज २क्ष हा तोंडी निघतो. याउलट २ चा क्षवा घात घातांकाच्या नेहमीच्या नियमात बसत नाही, कारण तिथे चल पायात नसून घातांकात आहे. त्याचा अवकलज काढताना तेच फलन २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणावे लागते.

पायऱ्या दाखवणारे सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही, परंतु स्वतःचा प्रयत्न कागदावर उतरल्यानंतरच. त्याचे उत्तर आपल्या उत्तरापेक्षा वेगळे दिसले, तर लगेच खोडाखोड करू नये, कारण एकच राशी अनेक रूपांत लिहिता येते; दोन्ही उत्तरांत क्ष = २ अशी एखादी किंमत घालून पाहावी. किमती जुळल्या नाहीत, तर शिक्षकांना किंवा मित्राला पूर्ण उदाहरण सोडवून न मागता, 'तिसऱ्या ओळीत मी गुणाकाराचा नियम लावला, तो इथे का चालत नाही?' असे विचारावे.