मरे नदीवरच्या ‘अ‍ॅडलेड’चं 1:32 मॉडेल कसं करावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी आयुष्यभर फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. मुलगा मेलबर्नला असतो, म्हणून इचूका गावी जाणं झालं आणि मरे नदीतली ‘अ‍ॅडलेड’ जवळून बघता आली. 1866 साली इचूकातच बांधलेली ही लाकडी बोट दोन्ही बाजूंच्या चाकांवर, वाफेवर, आजही चालते. बारमाच्या जंगलातले रेड गमचे (निलगिरीच्या जातीचं एक जड लाकूड) ओंडके लादायचे बार्ज, म्हणजे मागे ओढायच्या सपाट मालवाहू होड्या, तिनं वर्षानुवर्षं ओढले. म्हणून मॉडेलही कष्टकरी दिसलं पाहिजे. चकचकीत पॉलिश मारलंत तर ती सहलीची बोट होईल.

आधी 1:32 ची पट्टी तयार करा. खरा एक मीटर म्हणजे पट्टीवर 31.25 मिमी. बोट साधारण 23 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद, म्हणजे मॉडेल 72 बाय 16 सेंमी. बारीकसारीक मापं फोटोवरून काढावी लागतात. फोटो लांबून, झूम करून, अगदी बाजूनं काढा. जवळून काढलात तर पुढचं टोक फुगतं आणि मापं फसतात.

तळ सपाट ठेवा. नदी उथळ, म्हणून ही बोट पाण्यात जेमतेम पाऊण मीटर बुडते. मॉडेलमध्ये सव्वादोन सेंमी. 3 मिमी प्लायचा तळ कापा, त्यावर 4 मिमी प्लायचे आडवे छेद (बोटीच्या रुंदीच्या आकाराचे पडदे) दर 4 सेंमीवर उभे करा. फळ्यांसाठी रेड गम शोधत बसू नका, या मापात त्याचे रेषे फार जाड दिसतात. शिवण उत्तम: मऊ, एकसारखी, पटाशीला गोड. 6 मिमी रुंद, दीड मिमी जाड पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवा आणि डेकच्या कडेपासून खाली लावत या. एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच बाजू पुरी केली तर सांगाडा पिळवटतो. आतून इपॉक्सी फिरवा.

खरी परीक्षा चाकांची. दोन्ही चाकांच्या सगळ्या कड्या 0.8 मिमी पितळी पत्र्याच्या कापून एकावर एक बोल्टनं आवळा आणि भोकं एकाच वेळी पाडा, म्हणजे आरे आपोआप जुळतात. एमडीएफच्या तुकड्यावर वर्तुळ आखून, खिळे ठोकून साचा करा आणि त्यातच डाक द्या (सोल्डर करा). हवेत धरून डाक दिलेलं चाक लंगडतंच. वल्ह्यासारख्या फळ्या फोटोत मोजून तितक्याच बसवा. मग आस दोन पट्ट्यांवर आडवा ठेवून चाक सोडा. दर वेळी एकच बाजू खाली येत असेल तर तिथलं पितळ कानशीनं कमी करा.

डेक चिकटवण्याआधी बोट टबात सोडा. शिशाचे तुकडे तळाशी, मध्याजवळ ठेवत जा. चाकाच्या सगळ्यात खालच्या फळीची वरची कड पाण्याखाली जेमतेम गेली की थांबा. त्याहून खोल गेलं तर चाक बोट ढकलण्याऐवजी पाणीच उचलत बसतं. मोटर गिअरवाली, हळू फिरणारी घ्या.

रंगाआधी कोऱ्या चहाचा दाट हात द्या. व्हिनेगरमध्ये स्टील वूल दोन दिवस भिजवून ते पाणी त्यावर फिरवा. लाकूड उन्हापावसातल्यासारखं करडं पडतं. पुसट जागा राहिल्या तरी राहू द्या. धुराड्याच्या तोंडाशी कोळशाची पूड चोळा. डेकवर सरपण रचा, पण गोल काड्या नकोत. वाळक्या फांद्या चिरून ढलप्या करा, एका बाजूला साल ठेवा.

जमलं तर मागे बार्जही करा. ताजा रेड गम इतका जड की पाण्यात बुडतो, नदीत सोडून वाहून नेता येत नाही. म्हणून बार्जवर आडव्या तुळया टाकून, त्यांच्या बाहेर आलेल्या टोकांना साखळ्यांनी ओंडके लटकवत. मॉडेलमध्येही ओंडके दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे घ्या, नाहीतर बार्ज कलंडेल. साखळी दागिन्यांची, सगळ्यात बारीक कडीची चालते. तिची चमक मात्र घालवा.