मराठवाड्यातून राष्ट्रपती भवन पाहायला जाताना

आपल्याकडे दिल्लीला जायचे ठरले की बहुतेक जण आधी रेल्वेचे तिकीट काढतात आणि राष्ट्रपती भवनाचे तिथे पोहोचल्यावर पाहू म्हणतात. असे कृपया करू नये. मुख्य इमारत पाहण्यासाठी भवनाच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. तारीख व वेळ निवडून, सोबतच्या प्रत्येकाच्या ओळखपत्राचा तपशील देऊन नाममात्र शुल्क भरायचे असते. संग्रहालयाची नोंदणी वेगळी असते. सोमवारी दर्शन बंद असते, त्यामुळे उपलब्ध तारखा समोर ठेवून भवनाची नोंदणी आणि रेल्वेचे आरक्षण यांचा मेळ घालावा.

नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगरमार्गे दुसऱ्या दिवशी नवी दिल्लीला पोहोचते. बीडकरांना जालना किंवा संभाजीनगर, तर लातूरकरांना परभणी सोयीचे पडते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराच्या यात्रेकरूंमुळे या गाडीला बारमाही गर्दी असते, म्हणून ६० दिवस आधी आरक्षण खुले होताच ते करावे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्याने गाड्या रखडतात. पोहोचण्याच्या दिवशीची वेळ भवनासाठी कधीही घेऊ नये. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तर त्या परिसरातले रस्तेच बंद असतात. भवनाच्या आवारातले अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खुले होते, पण तेव्हा आपल्याकडे ज्वारी-हरभऱ्याची सुगी असते, हे शेतकरी कुटुंबांनी आधीच ध्यानात घ्यावे.

नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोची येलो लाइन थेट सेंट्रल सेक्रेटरिएटला नेते. प्रवेशद्वाराचा क्रमांक परवानगीपत्रावर पाहावा, नोंदणीत दिलेले मूळ ओळखपत्रच जवळ ठेवावे आणि सामान शक्य तितके कमी न्यावे. चालणे बरेच असते, वृद्धांना त्याची कल्पना द्यावी.

ब्रिटिश वास्तुविशारद एडविन लट्येन्स यांनी आराखडा केलेल्या या वास्तूत ३४० खोल्या आहेत, त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट न धरता गणतंत्र मंडपात, म्हणजे पूर्वीच्या दरबार हॉलमध्ये, मन लावून थांबावे. तिथली बुद्धमूर्ती पाचव्या शतकातील आहे; अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचाही तोच काळ, म्हणून लेणी पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. याच दालनात १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतच होता आणि आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. मुलांना ही गोष्ट घरून निघण्यापूर्वीच सांगावी. आत गेल्यावर मार्गदर्शकाबरोबर पुढे सरकावे लागते आणि निवांत बोलायला वेळ मिळत नाही.

बाहेर पडल्यावर कर्तव्य पथाने इंडिया गेटकडे जावे. त्याच्याजवळच हैदराबाद हाउस आहे. लट्येन्स यांनीच आराखडा केलेला हा निजामाचा दिल्लीतील वाडा आता परदेशी पाहुण्यांशी होणाऱ्या सरकारी बैठकांसाठी वापरला जातो, त्यामुळे तो बाहेरूनच पाहावा.