ट्रॉलीला हायड्रॉलिक ब्रेक बसवायचाय? आधी हे बघून घ्या

सासवडकडून भरलेली ट्रॉली घेऊन दिवे घाट उतरायचा असेल तर ट्रॅक्टरच्या एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. बहुतेक ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या दोनच चाकांना असतो, तुम्ही पेडल दाबलं की ट्रॅक्टर थांबायला बघतो पण मागचा माल थांबत नाही, तो हुकातून ढकलत राहतो आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून ट्रॉलीचा ब्रेक ट्रॉलीलाच पाहिजे.

काम असं चालतं, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप आणि डिस्ट्रिब्युटर (तेल वेगवेगळ्या कामांना वाटून देणारा व्हॉल्व) यांच्या मधे ट्रेलर ब्रेक व्हॉल्व बसतो. पेडल जितकं दाबाल तितकंच प्रेशर तो मागं ट्रॉलीकडं सोडतो. ते तेल ट्रॉलीच्या सिलेंडरमधे जातं, सिलेंडर लिव्हर ओढतो, कॅम (लायनर बाहेर ढकलणारा उंचवट्याचा तुकडा) फिरतो, लायनर म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या चाकाच्या ड्रमला आतून घासतात. ३० मिमीच्या पिस्टनवर १०० बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) आलं तर साधारण ७०० किलोचा जोर मिळतो, पायानं एवढं कुठून आणणार!

आता एक कळकळीचं सांगतो, बरेच जण व्हॉल्वचा खर्च वाचवायला टिपिंगच्या म्हणजे ट्रॉली उचलायच्या लाईनवरूनच ब्रेकचा पाईप काढतात, तसं अजिबात करू नका. त्यात कमी-जास्त काही नसतं, टिपिंगचा लिव्हर ओढला की पूर्ण प्रेशर आणि चाकं जाम, वर घाईच्या वेळी पायानं पेडल आणि हातानं लिव्हर दोन्ही कोण सांभाळणार?

बसवताना आधी ट्रॉलीचा एक्सल बघा, ड्रम नसतील तर ड्रमवाला एक्सल घालावा लागेल. सिलेंडरचा ब्रॅकेट चांगला वेल्डिंग करून घ्या, आणि ब्रेक लागताना रॉड आणि लिव्हर काटकोनात आले पाहिजेत नाहीतर जोर वाया जातो. रिटर्न स्प्रिंग विसरू नका. होज (तेलाचे लवचिक पाईप) पुण्याजवळ भोसरीत मापानं क्रिम्प करून, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवून मिळतात, वळताना ताण येणार नाही एवढी लांबी ठेवा. व्हॉल्व मात्र तुमच्या मॉडेलचाच घ्या आणि पेडलच्या बाजूला ब्रेक ऑइल चालतं का हायड्रॉलिक ऑइल हे आधी विचारा, चुकीचं तेल गेलं की सील फुगतात आणि सगळं उघडावं लागतं.

मग पाईपात अडकलेली एअर काढा. इंजिन आयडलला ठेवून एकानं पेडल हलकं दाबायचं, दुसऱ्यानं सिलेंडरचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) थोडं सैल करायचं, बुडबुडे थांबले की आवळायचं. गळती बघायला बोट लावू नका, प्रेशरचं तेल कातडीतून आत शिरतं, पुठ्ठा धरा.

ट्रॉली जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवा, पेडल दाबल्यावर दोन्ही चाकं एकदम थांबली पाहिजेत आणि सोडल्यावर मोकळी. नंतर रिकामी ट्रॉली सपाट मैदानात हळू चालवून बघा, ट्रॉलीनं ट्रॅक्टरच्या किंचित आधी धरलं तर जोड सरळ राहतो. रोडवर जाताना ट्रॅक्टरचं डावं-उजवं ब्रेक पेडल एकमेकांना लॉक केलेलं पाहिजे. आणि होज फुटला तर हा ब्रेक जातो, म्हणून ट्रॉलीला वेगळा हँडब्रेक ठेवाच आणि घाटात खालच्या गिअरलाच उतरा, न्यूट्रल कधीच नाही.