माकी-ए शिकायचंय? आधी कविता वाचा

माकी-ए म्हणजे उरुशीच्या (झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेच्या) ओल्या रेषेवर सोन्याची पूड शिंपडून केलेली जपानी नक्षी. ती शिकायला निघालेल्यांना मी एकच सांगते: तंत्राची पुस्तकं नंतर उघडा, आधी 'इसे मोनोगातारी' या जुन्या जपानी कविता-कथांच्या संग्रहाचा नववा भाग वाचा.

तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयातली ओगाता कोरिन या कलावंताची 'यात्सुहाशी' (म्हणजे 'आठ पूल') लेखनपेटी घ्या. अठराव्या शतकातली, दोन मजली. वर शाई उगाळायचं सामान, खाली कागद. काळ्या उरुशीवर आयरिसची पानं सोन्याची, फुलं शिंपल्याची, पुलाच्या फळ्या शिशाच्या. पूल झाकणावरून वळून बाजूंवर उतरतो, त्यामुळे पेटीभोवती फिरल्याशिवाय तो पुरता दिसतच नाही. माणूस मात्र कुठेही नाही. 'इसे'च्या त्या नवव्या भागात राजधानी सोडून पूर्वेला निघालेला प्रवासी मिकावातल्या या पुलांपाशी थांबतो, 'का-कि-त्सु-बा-ता' या आयरिसच्या जपानी नावातल्या एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या पाच ओळी रचतो आणि त्या ऐकून सगळे इतके रडतात, की शिदोरीतला वाळवलेला भात फुगतो. (मला कवितेपेक्षा हा भातच जास्त आवडतो.) हे ठाऊक नसेल तर पेटीवर नुसती फुलं दिसतात.

नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात तर अख्खा रुखवतच आहे. १६३९ साली शोगुन (लष्करी सत्ताधीश) इएमित्सुची लेक चियोहिमे सासरी गेली, तेव्हाचा. नवरी जेमतेम अडीच वर्षांची! 'गेंजी मोनोगातारी' या जुन्या कादंबरीतल्या 'हात्सुने' प्रकरणातल्या कवितेची अक्षरं त्या नक्षीत लपवलेली आहेत. पुण्यात जपानी शिकून आलेल्यांची गाडी इथेच अडते. एन-टू (जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) पास झालात तर शिक्षकांशी बोलता येईल, पण जुन्या जपानीचं व्याकरण वेगळं शिकावं लागतं. ते भारतातच सुरू करा.

हाताने काम करायचं असेल तर कातडीचा विचार आधी. उरुशीचं झाड बिबा, काजू, आंब्याच्या कुळातलं. ओला चीक लागला की बिबा उतल्यासारखं अंग उठतं. बिब्याचा त्रास होत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच नाव घाला. बाकी कामाला घाई चालत नाही आणि रेंगाळणंही. नळीवर बोटाने टिचक्या मारत पूड पाडायची ती रेष ओली असेतोवरच. मग वस्तू दमट कपाटात. उरुशी सुकते ती ७०-८० टक्के आर्द्रतेत, उन्हात नाही.

आणि हो, उजेड सोसत नसल्याने या वस्तू कायम मांडलेल्या नसतात. संग्रहालयाचं वेळापत्रक पाहूनच विमानाचं तिकीट काढा.