वारसा सप्ताहात ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण इतिहास कसा पाहावा

दरवर्षी 19 ते 25 नोव्हेंबर या काळात देशभर जागतिक वारसा सप्ताह साजरा होतो. व्याख्याने, छायाचित्रांची प्रदर्शने आणि वारसा फेऱ्या यांची या दिवसांत रेलचेल असते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला अशा वेळी रायगड आठवतो, वेरूळ आठवते. पण कल्याणच्या पुढे सुरू होणारा भिवंडी, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांचा पट्टा सहसा आठवत नाही. वास्तविक हा सप्ताह त्या पट्ट्यात हिंडण्यासाठी अगदी सोयीचा आहे. पाऊस संपलेला असतो, वाटा कोरड्या झालेल्या असतात आणि भातकापणी उरकत आल्यामुळे गावातल्या माणसांना दोन शब्द बोलायला सवड असते.

पहिला नियम असा की, एका दिवशी एकच ठिकाण घ्यावे. सकाळी लेणे, दुपारी मंदिर आणि संध्याकाळी किल्ला दाखवणाऱ्या बसफेऱ्या निघतात, त्यांत माणसाचा बराचसा वेळ बसमध्ये आणि उरलेला नाश्त्याच्या रांगेत जातो. एखाद्या फेरीत नाव नोंदवायचे असेल, तर आयोजकांना आधी विचारून घ्यावे की, एकूण माणसे किती आहेत, ठिकाणे किती आहेत आणि माहिती देणारी व्यक्ती शिलालेख स्वतः वाचू शकते की नाही. वीस-पंचवीसांपेक्षा अधिक माणसे असतील, तर आपले आपण जाणे बरे.

निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी घरी अभ्यास करावा. 1882 साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आता संगणकावरही वाचता येते. त्यात आपण निवडलेल्या गावाची नोंद आहे का, हे आधी पाहावे. मात्र तेव्हाचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता, हे लक्षात ठेवावे. पनवेल आणि कर्जत त्यात होते, आणि पालघर तर 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. दुसरी तयारी कालगणनेची. शिलालेखात बहुधा शक वर्ष असते, त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो. तिथी पौष, माघ किंवा फाल्गुनातली असेल, तर बहुधा 79 मिळवावे लागतात. एवढे हिशेबाचे भान असले, तरी माहितीफलकांवरच्या निम्म्या चुका आपल्या आपण ध्यानात येतात.

सुरुवात अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करावी, असे माझे मत आहे. नवी मुंबईकरांनी ठाण्याला गाडी बदलावी आणि अंबरनाथला पूर्वेला उतरून रिक्षा करावी. वालधुनी नदीच्या काठचे हे मंदिर उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातले असून, उत्तरेकडील दरवाजाच्या तुळईवर आतल्या बाजूने शक 982, म्हणजे इसवी सन 1060च्या सुमाराचा लेख आहे, त्यात मुम्मुणी राजाचे नाव येते. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजेच आपले ठाणे. मंदिराचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे दर्शनी भागातले शिल्प पाहायचे असेल, तर दुपारी तीननंतर जावे. तेव्हाचे तिरके ऊन मूर्तींच्या कडा उठावदार करते. आधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा काहीही न वाचता आणि फोटो न काढता घालावी. दुसऱ्या प्रदक्षिणेत एकच भिंत निवडून तिच्यावर नजर तळापासून वर न्यावी. हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चार बाजूंना वरपर्यंत चढत जाणाऱ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. येथे शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे उरलेल्या भागावरून ही रचना मनातल्या मनात पुरी करावी लागते. गाभारा मंडपापेक्षा खाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. हे पूजेतले मंदिर आहे, त्यामुळे आत छायाचित्र घेण्याआधी विचारावे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. लोकांची श्रद्धा पाहायची असेल तर तेव्हा जावे, दगड पाहायचा असेल तर वारसा सप्ताहातला कामाचा वार गाठावा.

मंदिरानंतर खेड्यातल्या सुट्या दगडांकडे वळावे, कारण खरी मौज तेथे आहे. भिवंडी तालुक्यातील लोनाड हे त्यासाठी उत्तम गाव. तेथे डोंगरात बौद्ध लेणे आहे, त्याच्या ओसरीत कथाप्रसंगाचा एक कोरीव पट आहे आणि आज ते लेणे खंडेश्वरी देवीचे स्थान म्हणून पूजले जाते. म्हणून पादत्राणे बाहेर काढावीत आणि देवीला नमस्कार करून मगच पट पाहायला लागावे. गावात जुने शिवमंदिरही आहे. लोनाडलगतच्या चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शक 1161चा दानलेख असलेला दगड मिळाला. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात.

गधेगाळ वाचण्याची रीत एकदा समजली की कोकणात कोठेही उपयोगी पडते. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, याचा अर्थ हे दान चंद्र-सूर्य आकाशात आहेत तोवर टिकावे. मधल्या भागात लेख असतो, तो झिजून गेलेला असतो किंवा काही ठिकाणी मुळातच नसतो. खाली गाढव आणि स्त्री यांचे शिल्प असते. जो कोणी हे दान मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही त्यातली शापवाणी. कुटुंबासोबत, विशेषतः सासूबाई बरोबर असताना, हा भाग समजावून सांगण्याची पंचाईत होते खरी. पण राजाची सही, मुदत आणि दंड या तिन्ही गोष्टी अक्षर न वाचता येणाऱ्याला एका दगडात कळाव्यात, याची ही तजवीज होती, असे सांगितले की मुलांनाही ते पटते. याच गावांत वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, हेही आढळतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवपिंडीची पूजा.

पहिल्यांदा गधेगाळ पाहायला मी भर दुपारी गेलो होतो आणि डोक्यावरच्या उन्हात मला दगडावर काहीच दिसले नाही. देवळाच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, “आता काय दिसणार? दिवा लावायच्या वेळेला या.” संध्याकाळी त्यांच्याच घरची बॅटरी घेऊन दगडाच्या अगदी कडेला तिरकी धरली, तेव्हा गाढवाचे कान आधी दिसले आणि मग त्याच्या वरच्या भागातली अक्षरे एकेक करून वर आली. तेव्हापासून पिशवीत बॅटरी नेहमी असते. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा रंग कधीही चोळू नये आणि दगडावरचा शेंदूर खरवडू नये. पुष्कळ ठिकाणी त्या शेंदरामुळेच दगड गावाने सांभाळलेला असतो.

चालण्याची तयारी असेल, तर एक दिवस नाणेघाटासाठी ठेवावा. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने मुरबाड ओलांडून वैशाखरे येथे उतरावे आणि तेथून घाट चढावा. पायथा मुरबाडचा, माथा जुन्नरचा. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर आणि पैठणकडे जात असे. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, त्यात यज्ञ आणि त्यांसाठी दिलेल्या दक्षिणेची मोजदाद येते आणि तिच्यात संख्याचिन्हेही आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, आज त्यांचे जवळजवळ पायच उरले आहेत. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे सांगतात.

सप्ताह संपला म्हणून थांबण्याचे कारण नाही, कारण गावांचे स्वतःचे पंचांग असते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून जत्रा भरते. गुरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगड परिसरात वीरमरण आले, आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे अभिवादनाला जमतात. नवी मुंबईत राहणाऱ्यांना तर नोडच्या, म्हणजे शहराच्या आखीव विभागाच्या, मधोमध असलेले गावठाणही पुरेसे आहे. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नगीते, म्हणणारी एखादी धवलारीण भेटली, तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवून आधी ऐकावे आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी नंतर मागावी.

टिपणे जागच्या जागी घ्यावीत. गाव, तारीख, दगड कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला आहे, त्याची उंची-रुंदी आणि गावकरी त्याला काय नावाने ओळखतात, एवढे तरी लिहावे. गावाने दिलेले नाव पुस्तकी नावाच्या आधी लिहावे, कारण पुस्तकी नाव नंतर कोठूनही मिळते. शेतात किंवा पडक्या भिंतीत नाणी सापडली, तर ती घरी आणू नयेत. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मूर्ती किंवा लेख दिसला, तर ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवावे.

पुढच्या खेपेला त्याच गावी जाताना छायाचित्राची मोठी प्रत काढून न्यावी, मागे दगडाचा ठावठिकाणा आणि लेखाचा अर्थ सोप्या मराठीत लिहावा, आणि ती गावच्या शाळेत किंवा देवळाच्या पुजाऱ्याकडे द्यावी. मी दिलेली एक प्रत आजीबाईंनी देवघराशेजारी लावली आहे, आणि आता गाढवाचा अर्थ विचारणाऱ्यांना त्याच सांगतात.