एअर रायफलला हाताने लाकडी दस्ता आणि जुन्या पद्धतीची माशी: कोकणात या चुका टाळा

मे महिन्यात अगदी बरोबर लागणारी रायफल ऑगस्टमध्ये दोन बोटं डावीकडे मारायला लागते आणि माणूस लगेच कानस घेऊन माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साईटच्या, मागे लागतो. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच. दहातल्या बहुतेक केसमध्ये साईट जिथल्या तिथे असते, हललेलं असतं ते दस्त्याचं, म्हणजे खांद्याला लावायच्या भागाचं, लाकूड नाहीतर स्क्रू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी बोलतोय ते 4.5 मिमी बोअरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलबद्दल, जिला लायसन लागत नाही. काडतुसाची रायफल घरी बनवणं सोडाच, लायसनशिवाय तिची दुरुस्ती करणंसुद्धा 1959 च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. घरात पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक असेल आणि दस्ता फुटला असेल तर लायसनवाल्या गनस्मिथकडे जा, गावच्या सुताराकडे "चार दिवसांनी येतो हां" म्हणून ठेवून यायची नाही. आणि एअर रायफल आहे म्हणून पाखरं, वानर यांच्यावर नेम धरायचा नाही, 1972 चा वन्यजीव कायदा छर्रा बघून सूट देत नाही.

आता लाकूड. कोकणात वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, चार महिने हवा ओली आणि वर खारा वारा, त्यामुळे इथे लाकूड निवडण्यातच अर्धी लढाई आहे. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होतात म्हणून कोणी दस्त्यालाही पांगारा घेतात, पण ते लाकूड एवढं मऊ की स्क्रू धरतच नाही. आंबा स्वस्त मिळतो पण त्याला किडा फार लवकर लागतो. शिसव मस्त पण जड. अक्रोड परंपरेने सगळ्यात उत्तम, फक्त आपल्याकडे मिळायला कठीण आणि महाग. माझं मत विचाराल तर पाडलेल्या जुन्या घराचा सागाचा वासा शोधा, वर्षानुवर्षं कौलाखाली सुकलेलं लाकूड कुठल्याच वखारीत मिळणार नाही, फक्त करवत लावायच्या आधी मोडके खिळे शोधून काढा. ताजी फळी घेतलीत तर सावलीत इंचाला साधारण 1 वर्ष सुकू द्यावी लागते, आणि ते कोणालाच पटत नाही, मग पहिल्या पावसात दस्ता पिळतो.

रेषांकडे बघा. दस्त्याचा जो बारीक भाग असतो, जिथे उजव्या हाताची मूठ बसते, तिथे लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनेच गेल्या पाहिजेत. तिथे रेषा आडव्या कापल्या गेल्या की बॅरल खाली वाकवून स्प्रिंग ताणताना नाहीतर हातातून एकदा पडली की बरोब्बर तिथेच तुटणार.

मापाची चूक पण भरपूर लोक करतात, आणि ती नेटवरचे फोटो बघून होते. हल्लीचे दस्ते दुर्बिणीसाठी केलेले असतात, गाल टेकायची जागा उंच असते. तसाच कॉपी केलात तर उघड्या साईटमधून बघायला डोळा खाली येतच नाही, मग माणूस मान वाकडी करून गाल दाबत बसतो आणि प्रत्येक वेळी वेगळीकडे लागतं. जुन्या शिकारी रायफलींचे दस्ते मागे उतरते असायचे ते ह्याच कारणाने. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. माशी आपोआप मागच्या साईटच्या खाचेत दिसली पाहिजे. नसेल दिसत तर लाकूड कमी करायचं, साईट नाही.

दस्त्याच्या आतली, लोखंडी भाग बसायची खाच कोरताना घाई नको. लोखंडी भागाला काजळी आणि थोडं तेल लावून लाकडात बसवा, उचला, जिथे काळा डाग पडला तेवढंच पटाशीने काढा, परत बसवा. कंटाळवाणं काम आहे. पण मोठी खाच कोरून मग एम-सीलने भरणारे बघितलेत की वाटतं त्यांना कोणीतरी पटाशी परत करायला लावावी.

फिनिशिंगला खोबरेल लावू नका प्लीज. खोबरेल सुकत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. होडीला लावतात म्हणून काजूच्या सालीचं तेल पण नको, कातडी भाजते, आणि इथे तर गाल टेकायचाय. जवसाचं बॉईल्ड तेल घ्या, पातळ हात मारा, पुसून घ्या, पूर्ण सुकल्यावर पुढचा हात. साग मुळात तेलकट असतो, आधी थिनरने पुसला नाही तर वरचं तेल नीट धरत नाही. बाहेरून पाच हात मारून आतली खाच आणि बटाकडचं, म्हणजे खांद्याला टेकतं ते उघडं टोक कोरडं ठेवणारे खूप, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. अजून एक, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, अफवा नाही ही. पाण्यात भिजवा नाहीतर अंगणात एकेक पसरून वाळवा.

आता ती हलल्यासारखी वाटणारी साईट. स्प्रिंग रायफल आधी मागे झटका देते आणि पिस्टन आपटला की पुढे, त्यामुळे स्क्रू सैल होतात म्हणजे होतातच. नेम बिघडला की सगळ्यात आधी दस्त्याचे स्क्रू तपासा, खाली दातेरी वॉशर टाका. मग हात बघा: पुढचा भाग तळव्यावर हलका ठेवायचा, घट्ट आवळायचा नाही, टेबलावर टेकवायचा तर नाहीच. एवढं करूनही छर्रे एकाच जागी पण बाजूला पडत असतील तरच साईटला हात लावा.

मागची साईट तिकडे सरकवायची जिकडे छर्रा जायला हवा, माशी बरोबर उलटी. किती, तर गणित सोपं आहे: चूक गुणिले दोन साईटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. 10 मीटरवर 30 मिमी डावीकडे लागतंय, दोन साईटमध्ये 450 मिमी अंतर आहे, तर 1.35 मिमी. म्हणजे मागची साईट उजवीकडे जेमतेम दीड मिलिमीटर पण नाही, आणि लोक हातोडीने ठोकून अर्धा सेंटिमीटर सरकवतात! पितळी पंच वापरा, आधी पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

उंचीचं तर अजून जपून. खाली लागत असेल तर माशी घासायची, मग वर येतं, पण घासलेलं लोखंड परत चिकटत नाही, म्हणून दोन कानशीच्या फटक्यांमागे पाच छर्रे मारून बघा. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत उजेडाची बारीक पट्टी दिसली पाहिजे, माशी जाड करून ती पट्टी बंद केलीत तर मध्य कळणारच नाही. नजर माशीवर, टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने ब्रॉन्झ घेतलं तेव्हापासून बऱ्याच जणांना मागे भोकवाली पीप साईट हवी झालीय, ती उत्तमच आहे, पण तिची पद्धत वेगळी, तिचे नियम खाचेच्या साईटला लावू नका.

समुद्राकडच्या उन्हात अजून एक गंमत होते. दुपारी कलत्या उन्हात माशीची एक बाजू चमकते, डोळा त्या चमकेलाच मध्य समजतो आणि छर्रा उजेडाच्या उलट बाजूला जातो. उपाय देवघरात आहे: कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरा, काळी कुळकुळीत होते. फक्त ताज्या तेलाच्या दस्त्याजवळ नको, आणि हे करताना रायफल रिकामी.

टार्गेट चिऱ्याच्या गडग्यावर टांगू नका, छर्रा उलटा येतो. मागे रेतीचं भरलेलं पोतं, डोळ्यावर गॉगल. छर्रा न घालता रिकामा बार काढू नका, पिस्टन पुढे आपटून सील जातं.

पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवलीत तर ऑक्टोबरला तांबेरा चढलेला सापडेल, कव्हर ओल धरून ठेवतं. चुलीवरच्या माळ्यावर पण नको, तिथे लाकूड तडकतं. हात लावल्यावर घामाचे ठसे फडक्याने पुसा, लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात, पिस्टनच्या नळीत मात्र तेल ओतायचं नाही, दाबाने ते पेटून बार होतो आणि स्प्रिंगची वाट लागते. हवेशीर खोलीत उभी ठेवा, लॉक करून, आणि आठवड्याने एकदा स्क्रूला हात लावून बघा.